सव्वापाच बाय साडेतीन

लिफ्टच्या पेटीत नाणं टाकल्याशिवाय ती हलत नाही.
आठव्या मजल्यावर त्सियाला दार उघडून उभी,
हातात माझ्यासाठी घरातल्या चपला.
"पाच मीटर वीस, तीन मीटर पन्नास.
मोजू नकोस, रोज चालते मी."
तरी मोजलं.
एका भिंतीत चार मिलिमीटर कमी भरले.
तिला बोललो नाही. तिबिलिसीच्या या इमारतींत
सरळ भिंत कोणी पाहिली आहे?

नदीकाठचं घर विकलं होतं तिनं,
मुलगी इटलीत कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला आंघोळ घालते,
तिच्या पहिल्या वर्षाच्या भाड्यापायी.
कपाट विकलं, पियानो विकला,
चौदा खुर्च्या मात्र विकल्या नाहीत.
"पाहुणे उभे राहून जेवतील का?"

मी कागद काढला.
पलंग भिंतीत उभा करायचा,
त्याच्या पाठीला पाय फुटतील, ते टेबल होईल.
तिनं विचारलं, "आणि मी निजायचं कधी?"
म्हटलं, पाहुणे असतील त्या रात्री
या शहरात झोपतं कोण?
तेव्हा पहिल्यांदा हसली. सोन्याचा दात दिसला.

स्टुलाच्या पोटात कांदे.
खिडकीच्या कठड्यात इस्त्रीची फळी.
उंबऱ्याची पायरी उचलली की जोडे,
जोड्यांखाली तिच्या नवऱ्याची पदकं,
ती मात्र तिनं स्वतः ठेवली, मला पाठ करायला लावून.
खुर्च्या भिंतीवर टांगल्या, चौदाही,
कड्यावर चढून बसलेल्या
डोंगरी बकऱ्यांसारख्या.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
इथं पाय आधी मोजले, मग अंथरूण कापलं,
एकशे सत्तावन्न सेंटिमीटरची बाई,
तिच्या पुढं दोन वितींची जागा ठेवली,
उशी ढकलायला.

बिजागऱ्या बसवत होतो तेव्हा
कांदा चिरता चिरता म्हणाली,
"मी गेले की मला कुठं ठेवशील?"
आमच्यात माणूस तीन-चार दिवस घरातच असतो,
मधोमध, आणि बाया भिंतीला टेकून बसतात.
स्क्रू तोंडात होता, तो काढला.
टेबल घडी करायचं, म्हटलं,
दोन स्टुलं जोडायची, कांदे काढून.
भोवती बाकीची दाटीनं मावतात.
"आणि खाली?"
पहिल्या दिवशी माझ्याकडे परतीचं नाणं नव्हतं.
जिन्यानं उतरलो होतो, टेप हातातच होता.
वळण पुरतं, म्हटलं. जेमतेम.
तिनं मान हलवली,
पडद्याचा रंग पसंत पडावा तशी,
आणि कांदा कढईत सोडला.

ऑक्टोबरात तिनं बोलावलं.
अकरा माणसं, दोन सुरया, एक शाल्वा,
जो उठला की बसत नसे.
गेलेल्यांसाठी, येणाऱ्यांसाठी,
मग लाकडासाठीही त्यानं प्याला उचलला.
माझे कान तापले.
रात्री तीनला ती खुर्चीतच पेंगत होती,
आणि तिची गादी आमच्या बशांखाली
पट्ट्यांनी जखडलेली, पालथी.
कुणी उठेना. मीही उठलो नाही.

नाताळाआधी फोन आला.
पलंग वर जाताना भिंतीला घासतोय,
रंग निघतोय, शेजारीण ऐकते.
चार मिलिमीटर.
रंधा घेऊन गेलो, कडा उतरवली,
लाकडाच्या कुरळ्या पट्ट्या तिच्या चपलांवर पडल्या.
तिनं त्या गोळा करून कांद्यांच्या स्टुलात टाकल्या,
कशाला ते विचारलं नाही.

पैसे घेईना म्हटल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाली,
"या घरात एकाच कामाची वस्तू राहत नाही.
सुतार झालास. आता दुसरं काम कर, जेव."
भिंतीवरून एक खुर्ची उतरवली.
मागं, रंगात, ती होती तेवढीच
पांढरी राहिलेली खुर्ची.
टेबल अर्धंच उघडलं. दोघांना पुरलं.
घेवड्याची उसळ खारट झाली होती.
दोनदा वाढून घेतली.